बाबा गावी असतात

"हात खाली," जयंतीबाई म्हणाल्या आणि सुबोधचा वर उचललेला हात त्यांनी सवयीने चटकन दाबला.

सुबोधला समोरच्या टेबलावरचा बटाटेवडा हवा होता, एवढंच. पण बोट दाखवून मागायचं नाही, तोंडाने मागायचं, हा परबांच्या घरातला नियम होता. आणि नियम म्हटला की जयंतीबाई घर काय नि परकी जागा काय, बघत नसत. मुलगा तिशीला टेकलेला, आईपेक्षा वीतभर उंच. त्याने मुकाट्याने ओठ जुळवले, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि घशातून आवाज काढला. "व-आ." चहाच्या रांगेतल्या चार विद्वानांनी वळून पाहिलं आणि लगेच न पाहिल्यासारखं केलं. जयंतीबाईंनी मात्र ताठ मानेने वडा त्याच्या बशीत ठेवला. त्यांना त्या आवाजाचा अभिमान होता. तो आवाज काढून घ्यायला त्यांनी आयुष्य खर्ची घातलं होतं.

पवईच्या तळ्याकाठच्या त्या सभागृहात परिषद भरली होती. मूल भाषा कसं शिकतं, मेंदूत ती कुठे रुजते, नाही रुजली तर पुढे त्या माणसाचं काय होतं, असल्या विषयांवर देशभरातून माणसं जमली होती. गळ्यात पट्टे, पट्ट्यांना नावं, खांद्याला एकसारख्या कापडी पिशव्या. सकाळपासून पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रं येत-जात होती. बोलण्याबद्दल इतकं बोलणं जयंतीबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि तेही सगळं इंग्रजीत. घाटकोपरच्या भटवाडीतून त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या आणि एसीने कुडकुडत, पदर अंगाभोवती लपेटून मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. त्यासाठीच त्या आल्या होत्या.

सुबोधचे बाबा, चंद्रप्रकाश परब, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वारले. हे जन्मापासून बहिऱ्या असलेल्या सुबोधला सांगायचं कसं?

चार वर्षं झाली होती आणि सुबोधला ते अजून माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं. चंद्रप्रकाशना ताप आला, धाप लागली, आणि नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली माणसं येऊन त्यांना गाडीतून घेऊन गेली. जयंतीबाईही तापाने फणफणलेल्या. हॉस्पिटलात कुणाला सोडत नव्हते. मग एका दुपारी फोन आला. विरारचा पुतण्या जाऊन कागद तेवढा घेऊन आला आणि लांबूनच दारात ठेवून गेला. देह हॉस्पिटलच्या माणसांनी परस्पर नेला होता. कुठल्या स्मशानात, ते त्या गदारोळात त्यालाही कुणी धड सांगितलं नव्हतं. जयंतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेवढ्यात सुबोध समोर येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "बा-बा?"

आता, मरण हा शब्द काही त्याला कुणी शिकवला नव्हता. पाणी, भात, वडा, बस, काम, आई, बाबा, गाव, अशी त्याची शब्दांची पुंजी. त्याला ओठांवरून हमखास कळेल असा जो शब्द त्या क्षणी जयंतीबाईंच्या तोंडात आला तो त्यांनी उच्चारला. "गाव," त्या म्हणाल्या. सुबोधचा चेहरा फुलला. रिटायर झाल्यापासून बाबा दोन-दोन महिने मालवणला जाऊन राहतच असत, त्यात नवल ते काय! तो मान डोलावून जेवायला बसला.

उद्या सांगू, अंगातला ताप उतरला की सांगू, असं करता करता ते राहून गेलं. पुढे तर सांगायची हिंमतच होईना.

सुबोधला मरण कळत नव्हतं असं नाही. धाकटा काका गेला तेव्हा तो गावी होता. अंगणात ठेवलेला देह, तिरडी, माडांच्या पलीकडे पेटलेली चिता, बायकांनी माणिककाकीच्या कपाळावरचं पुसलेलं कुंकू, हे सगळं त्याने डोळे फाडफाडून पाहिलं होतं. मोकळं कपाळ म्हणजे काय, ते तो पक्कं ओळखून होता. म्हणून जयंतीबाई कुंकू लावत राहिल्या. मंगळसूत्र घालत राहिल्या. भटवाडीतल्या बायका आधी कुजबुजल्या, मग उघड बोलायला लागल्या. गावाहून माणिकने फोनवर तोंडाचा पट्टा सोडला. "माझा कपाळ पुसूक तूच पुढे होतंस गे. आणि आता तू कुकू लावन फिरतंस? लोकांका काय सांगू मी?" जयंतीबाईंनी फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन कुंकू पुन्हा ठळक केलं.

तेव्हापासून त्या गणपतीला गावी गेल्या नव्हत्या. कोकणातल्या माणसाने गणपतीला गावी न जाणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसालाच विचारावं. सुबोध मात्र दरवर्षी बॅग भरायचा. बाबांसाठी तंबाखूची पुडीसुद्धा आठवणीने आत टाकायचा. गेल्या वर्षी त्यांनी बॅग लपवली, तर त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. कपाळ फुटलं, टाके घालावे लागले. आणि आता पुन्हा गणपती तोंडावर आले होते.

भटवाडीत येणारी गार्गी नावाची मुलगी होती. मुलुंडला राहायची, सुबोधसारख्या माणसांवर पीएचडी करत होती. वर्षभर शनिवारी ती लॅपटॉप घेऊन यायची, सुबोधला चित्रं दाखवायची आणि तो काय करतो ते टिपून घ्यायची. पोरगी गोड होती, जाताना कपसुद्धा विसळून ठेवायची. जयंतीबाईंनी एकदा तिच्यापाशी मन मोकळं केलं. म्हणाल्या, "तुला त्यांची ती हातांची भाषा येते ना? मग तूच सांग ना गं त्याला."

"मावशी, मला एकटीला नाही जमणार," गार्गी म्हणाली. "चुकीचं काहीतरी कळलं तर वाट लागेल. परिषदेला देवव्रत सर येणारेत पुण्याहून. या विषयात त्यांच्याएवढं मोठं कुणी नाही. त्यांना विचारूया ना."

तेव्हापासून जयंतीबाईंनी या परिषदेवर डोळे लावले होते.

दुपारी पालकांसाठीची बैठक सुरू झाली. देवव्रत सर साठीचे, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. जयंतीबाईंना पाहून ते मुद्दाम मराठीत बोलायला लागले. गार्गी मंचाच्या कडेला उभी राहून त्यांचं बोलणं हातांनी सांगत होती, कारण पहिल्या रांगेत सहदेव बसले होते. सहदेव स्वतः जन्मतः बहिरे, बोरिवलीला बहिऱ्या मुलांना हातांची भाषा शिकवणारे. त्यांचे आईवडीलही बहिरे होते. त्यामुळे त्यांना भाषा पाळण्यातच मिळाली होती, असं गार्गीने सांगितलं होतं.

"या ताई काही सांगणार आहेत," सर म्हणाले आणि माइक जयंतीबाईंच्या हातात आला.

जयंतीबाई उभ्या राहिल्या. मुख्य प्रश्नाआधी मुलाची ओळख नीट करून द्यावी, असं त्यांना वाटलं. चार मोठ्या माणसांना कळू दे, आपण कष्टात कुठे कमी पडलो नाही. त्या सांगायला लागल्या. मुलुंडला एक खासगी वर्ग होता, आता तिथे मोबाईलचं दुकान झालंय. तिथल्या विमला टीचर. त्या म्हणायच्या, हातवारे करायची सवय लागली तर पोरगा कधी बोलणार नाही. म्हणून मग वर्गात मुलांना स्वतःच्या हातांवर बसवायचे. घरीसुद्धा तसंच. पेटलेली मेणबत्ती समोर धरायची आणि 'प' म्हणून विझवायला लावायचं. 'प' आला त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले होते.

"आणि हाताच्या खुणा?" सरांनी विचारलं.

"एक नाही!" जयंतीबाई म्हणाल्या. "मी करूच दिल्या नाहीत. आजपर्यंत नाही."

टाळ्या पडतील असं त्यांना वाटलं होतं, खोटं कशाला बोला. सकाळपासून इथे प्रत्येकाला टाळ्या मिळत होत्या. पण एकही टाळी पडली नाही. गार्गीचे हात हवेतच थांबले. सहदेवांनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या तेव्हा तिने ते वाक्य पुरं केलं, पण जयंतीबाईंकडे न बघता.

सरांनी चष्मा काढला. ते फार सावकाश, शब्द निवडून बोलले. माणसाच्या मेंदूला भाषा लागते ती पहिल्या काही वर्षांत. ती कानातून आली काय, डोळ्यांतून आली काय, त्याला फरक पडत नाही. पण यावी लागते. त्या वयात मुलाला हातांची भाषा मिळाली असती तर...

"तर?"

"तर तुम्ही त्याच्याशी बोलू शकला असता, ताई. सगळं."

जयंतीबाईंना हे लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी शेजारच्या खुर्चीची पाठ धरली. शेजारी सुबोध पडद्यावरची रंगीत चित्रं बघत मजेत बसला होता.

"आता नाही का शिकणार?"

"थोडं शिकेल. खुणा येतील, कामापुरतं येईल. पण पूर्ण भाषा... मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

"मग त्या टीचरना कोणी सांगितलेलं हातांवर बसवा म्हणून? त्या काय मनाने सांगत होत्या?"

"नाही," सर म्हणाले. "आमच्यासारख्यांनीच सांगितलं होतं. आमच्यातल्या काहींना तेव्हाच शंका होती. पण त्यांचं कुणी ऐकलं नाही."

"म्हणजे तेव्हा पण असेच जमला होतात?"

"हो. जमलो होतो."

"असेच? एसीत?"

कुणी हसलं नाही. जयंतीबाईंना एकदम चंद्रप्रकाशची आठवण झाली. फोर्टातल्या एका ऑफिसात लिफ्टमन होता तो. दिवसभर वर-खाली करून घरी यायचा आणि पोराला घेऊन गच्चीवर जायचा. तिथे दोघांचे हातवारे चालायचे. मिशी पिळली की बाबा, हात झरझर वर नेला की माड आणि माड म्हणजे गाव. जयंतीबाईंनी एकदा दोघांना पकडलं आणि अख्खी गच्ची डोक्यावर घेतली. चंद्रप्रकाश एवढंच म्हणाला होता, "पोराक बोलांदे गे. तोंडान नाय तर हातान." त्यावर त्यांनी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता. त्या घरात सुबोधशी बोलणारा माणूस तो एकटाच होता. हे कळायला पवईला यावं लागलं.

पण प्रश्न अजून विचारायचा राहिला होता. तो त्यांनी विचारला. बाबा गेले ते, गाव म्हणून सांगितलं ते, कुंकवाचं, बॅगेचं, सगळं. मध्ये एकदाही आवाज कापला नाही. "तर आता त्याला कसं सांगू?"

देवव्रत सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ताई, मला याचं उत्तर माहीत नाही."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सहदेवांनी हात वर केला. त्यांची बोटं चालली आणि गार्गीने त्यांचं बोलणं मोठ्याने सांगितलं, "ते विचारताहेत, मी प्रयत्न करू का? मात्र इथे नको, बाहेर."

सभागृहाच्या मागे हिरवळीचा तुकडा होता, तळ्याच्या बाजूला. तिथल्या बाकावर सहदेव आणि सुबोध समोरासमोर बसले. गार्गी आणि जयंतीबाई जरा बाजूला उभ्या राहिल्या. देवव्रत सर दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

सहदेवांनी घाई केली नाही. आधी त्यांनी सुबोधच्याच खुणा त्याच्याकडून काढून घेतल्या. सुबोधने चोरून एकदा आईकडे पाहिलं. आईने हात खाली म्हटलं नाही. मग त्याने मिशी पिळली. हात झरझर वर नेला. जाळं फेकलं, मासा ओढला, भला मोठा, आणि मासा केवढा ते दोन्ही हात लांबवून दाखवलं. सहदेव हसले. सुबोधही हसला, तोंड उघडून, खळखळून. त्याचे हात थांबेचनात. लिफ्ट वर गेली, खाली आली, दार उघडलं, साहेबाला सलाम ठोकला. जयंतीबाई बघत राहिल्या. आपला मुलगा इतका बोलका आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग सहदेव बोलायला लागले. मिशी. ताप. छातीवर हात, धाप. गाडी, तिच्यावर फिरणारा दिवा. सुबोधने मान डोलावली; गाडी त्याने पाहिली होती. सहदेवांनी पुन्हा मिशी पिळली, डोळे मिटले आणि मान कलती केली. मग दोन्ही हातांची बोटं हलवत खालून वर नेली. आग.

सुबोधने मान हलवली. सहदेवांच्या गुडघ्यावर थोपटून त्याने समजूत घातल्यासारखा माड दाखवला. गाव. बाबा गावी असतात.

सहदेवांनी माडाची खूण केली आणि हाताने ती पुसून टाकली. नाही. मिशी, मिटलेले डोळे, आग. सुबोधने पुन्हा माड दाखवला, या वेळी जोरात. सहदेवांनी पुन्हा पुसला. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात थांबले नाहीत.

सुबोध उठला आणि आईसमोर येऊन उभा राहिला. "गा-व?" त्याने विचारलं.

जयंतीबाईंनी मान नकारार्थी हलवली. मग जन्मात कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. बोटं ओठांवर नेऊन त्यांनी मिशी पिळली. डोळे मिटले. दोन्ही हात आगीसारखे वर नेले. ते त्यांना नीट जमलं नाही, पण पोहोचलं.

सुबोध त्यांच्या कपाळाकडे बघत राहिला. मग त्याने अंगठा पुढे केला आणि आईच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदा पुसून सगळं जाईना, म्हणून शर्टाची बाही धरून पुन्हा पुसलं. काकीचं पुसलेलं त्याने पाहिलं होतं, अगदी तसं. जयंतीबाई डोळे मिटून उभ्या होत्या. सुटले एकदाचे, असं त्यांना वाटलं. आता पोरगा रडेल, आपण रडू, चार वर्षांचं सगळं वाहून जाईल.

पण सुबोध रडला नाही. तो सहदेवांकडे वळला आणि त्याने जमिनीकडे बोट दाखवून मग मनगटावरच्या घड्याळाला हात लावला.

"काय म्हणतोय?" जयंतीबाईंनी विचारलं.

"विचारतोय, आजच गेले का," गार्गी म्हणाली.

सहदेवांनी शर्थ केली. सूर्य उगवला, मावळला, उगवला, मावळला. गणपती आले, बुडवले, पुन्हा आले, पुन्हा बुडवले. चार बोटं. सुबोध एकाग्रतेने बघत होता, पण गणपतीचा नि बाबांच्या मरणाचा काय संबंध, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. बाबा मेल्याचं त्याला आत्ता सांगितलं होतं. म्हणजे बाबा आत्ता मेले होते. सहदेवांनी शेवटी हात मांडीवर ठेवले आणि गार्गीला खूण केली.

"ते म्हणताहेत, झालं ते कळलं त्याला. पण कधी झालं ते पोहोचत नाहीये. त्याच्याकडे त्या 'कधी'ला जागाच नाहीये, मावशी. मला माफ करा, म्हणताहेत."

सुबोध आता हळूहळू काहीतरी करत होता. दोन्ही हात आडवे, त्यावर झोपलेला माणूस. मग स्वतःकडे बोट, मग डोळ्यांकडे. मग खांदा, ज्या खांद्यावर काकाची तिरडी त्याने घेतली होती. याचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही. बाबांना बघायचंय. खांदा द्यायचाय. अजून उचललं नसेल, चल.

त्याने गळ्यातला नावाचा पट्टा काढून बाकावर ठेवला, आईचा हात धरला आणि तिला फाटकाकडे ओढत नेलं. गार्गी मागून धावली. "मावशी, थांबा ना! मी गाडी बोलावते, पाठवते तुम्हाला."

"कुठे पाठवशील गं?" जयंतीबाई मागे वळून म्हणाल्या.

फाटकाबाहेर सुबोधने रिक्षा थांबवली. आईला आधी आत बसवलं, तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून उचलून आत घेतला आणि मग स्वतः बसला. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. केसांवरून हात फिरवून भांग सारखा केला. बाहीवर कुंकवाचा लाल डाग पडला होता, तो त्याने आत दुमडला.

रिक्षावाल्याने मीटर टाकला. "किधर जाना है, माँजी?"

सुबोध आईच्या तोंडाकडे बघत होता. जयंतीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"माँजी, किधर?"

"चलो," त्या म्हणाल्या. "पहिले चलो तो. बताती हूँ."